नापास कोण – मूल की शाळा?

शाळेत मागे पडलेल्या मुलाचे काय करावयाचे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु एखाद्या राष्ट्राचे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान खरोखर काय आहे हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने तेथील मंत्र्यांची व्याख्याने व आयोगांचे अहवाल बाजूस ठेवून ह्या एकाच प्रश्नाचे तेथे काय उत्तर देतात तेवढे पाहावे. पहिल्या आलेल्या मुलाचा सत्कार सर्वच देशांत होतो. त्यावरून देशादेशांतील भेद कळत नाही. भेद कळतो तो शेवटच्या बाकावर. त्या बाकावरील मुलास उत्तर आले नाही म्हणजे दोष कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, मुलाच्या, आईबापांच्या, गुरुजींच्या की सरकारच्या, ह्याचा निवाडा प्रत्येक समाजाने आपापल्या परीने करून ठेविलेला असतो. आणि मनुष्यमात्राविषयी त्या समाजाची खरी समजूत काय आहे, ती त्या निवाड्यातच सापडते.

आपल्या देशाने हा निवाडा गेल्या काही वर्षांत फिरविला आहे, आणि तो फिरविताना जितका विचार व्हावयास पाहिजे होता तितका झालेला नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. हकीकत अशी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १६ व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणाही मुलास मागे ठेवण्यास किंवा शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. २०१९ साली ते कलम दुरुस्त झाले. पाचवी व आठवी ह्या दोन इयत्तांच्या शेवटी परीक्षा घ्यावी, नापास झालेल्या मुलास जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यावी, आणि त्यानंतरही तो उतरला नाही तर त्यास मागे ठेवावे की नाही हे ज्या त्या सरकारने ठरवावे, अशी ती दुरुस्ती आहे. मुलास शाळेतून काढून टाकण्याची मनाई मात्र कायम राहिली. ह्या मुभेचा उपयोग करून महाराष्ट्र सरकारने २०२३ साली आपले नियम बदलले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या ताब्यातील शाळांपुरता तोच मार्ग धरला. आणि तोपर्यंत सोळा राज्ये व दोन केंद्रशासित प्रदेश ह्याच वाटेने गेलेले होते.

ह्यावर लोकांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, ‘ढकलपास’ने मुलांची मती मारली, परीक्षेचा धाक गेला, गुरुजी सुस्तावले, आणि नववीत आलेल्या मुलास साधा अर्ज लिहिता येईना. दुसरा पक्ष म्हणतो, नापासाचा शिक्का ही गरिबाच्या मुलास शाळेबाहेर घालविण्याची सभ्य तऱ्हा आहे. श्रीमंताचे मूल शिकवणी लावून पुढच्या वर्षी उतरते, मजुराचे मूल वीटभट्टीवर जाते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘असर’ ह्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे, ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीत बसलेल्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले सुमारे ४५ निघाली. हा आकडा ज्याच्या मनास बोचणार नाही, त्याने शिक्षणाविषयी बोलूच नये. तथापि रोग मोठा आहे एवढ्यावरून हाती आलेली कोणतीही मात्रा त्यावर गुणकारी ठरत नाही. म्हणून हा प्रश्न निरनिराळ्या समाजांनी कसा सोडविला, आणि त्यांस त्याचे काय फळ मिळाले, हे शांतपणे पाहणे अवश्य आहे.

प्रथम आपल्याच घरात पाहू. इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत मुले जमत. धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. मोडी वळणाचे धडे घेत. पाढे, पावकी, निमकी, दीडकी घोकीत. शिकण्याची भिस्त घोकंपट्टीवर होती व पंतोजींचा हात सैल असे, हे खरे. पण त्या शाळेची एक गोष्ट आज लक्षात घेण्याजोगी आहे, ती ही की तीत आजच्या अर्थाने इयत्ता नव्हत्या. ज्याचे पाढे झाले तो पावकीस लागे, ज्याचे झाले नाहीत तो पाढेच म्हणे. आणि जो पुढे गेला तो मागच्यास शिकवी. सर्वांनी एकाच दिवशी एकाच पायरीवर असले पाहिजे असा दंडकच नसल्यामुळे ‘नापास’ हा शब्दही त्या शाळेस ठाऊक नव्हता. मोठ्या मुलांनी लहानांस शिकविण्याची ही एतद्देशीय रीत मद्रासेस अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याच्या दृष्टीस पडली, आणि १७९७ साली त्याने तिचे वर्णन विलायतेत छापून प्रसिद्ध केले. तेथील गरिबांच्या शाळांत ती रीत पुढे पुष्कळ वर्षे चालली. आपण तिकडून सर्व काही आणिले अशी आपली समजूत असते; थोडे तिकडे गेलेही आहे.

परंतु ह्यावरून पूर्वीचे सर्व सोन्याचे होते असे ज्यास वाटेल, त्यास आम्ही एवढेच विचारू की, त्या ओवरीत कोण बसत असे? मुली बसत नसत. ज्यांच्या हातास मातीची व चामड्याची सवय होती त्यांची मुले बसत नसत. पंतोजी कोणास नापास करीत नव्हते, कारण ते काम समाजाने उंबरठ्यावरच उरकून ठेविले होते. आणि तेथे नापास झालेल्यास फेरपरीक्षा नव्हती. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती ह्या निकालाविरुद्धची पहिली मोठी फिर्याद होय. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात शेतकऱ्याच्या करातून वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाचा खर्च चालतो हे दाखवून, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. पद्धत चांगली असून दार बंद असले तर ती पद्धत फुकट, हा आपल्या घरच्या इतिहासाचा पहिला धडा आहे.

आता ज्यांच्याकडून आपण इयत्ता, इन्स्पेक्टर व परीक्षा ही त्रयी घेतली, त्या इंग्लंडकडे वळू. तेथे १८६२ साली रॉबर्ट लो ह्या मंत्र्याने असा नियम केला की, शाळेस मिळणारे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व गणित ह्यांतील परीक्षेचा निकाल ह्यांवर मोजून द्यावे. हिशेब मोठा व्यापारी थाटाचा दिसतो: जितका माल तितका दाम. फळ असे आले की, इन्स्पेक्टर ज्या विषयांत परीक्षा घेई तेवढेच विषय शाळेत उरले, आणि इन्स्पेक्टरपुढे अडखळू नये म्हणून मुले पुस्तकच तोंडपाठ करू लागली. मॅथ्यू आर्नल्ड हा नामांकित कवी स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर होता. त्याने ह्या पद्धतीवर सतत टीका केली. तरीही ती पुरती जावयास शतकाचे अखेरचे दशक उजाडले. मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांच्या अनुदानासही हाच निकालवार मोबदल्याचा नियम लावण्यात आला होता. ज्या वाचकांस आजच्या ‘अपेक्षित प्रश्नसंचां’चे कूळ शोधावयाचे असेल, त्यांनी ह्या नियमापर्यंत जावे.

परीक्षेवर इंग्लंडहूनही अधिक श्रद्धा ठेवणारे राष्ट्र म्हणजे चीन. तेथे सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ सालापर्यंत, म्हणजे सुमारे तेराशे वर्षे, राज्याच्या नोकरीचा दरवाजा परीक्षेनेच उघडत असे. जन्मापेक्षा विद्येस मान देणारी ही कल्पना त्या काळी फार मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण गाळणी कितीही बारीक असली तरी ती पाणी उत्पन्न करीत नाही. परीक्षा निवड करते. शिकविणे हे तिचे काम नव्हे. चिनी विद्वानांच्या पिढ्यान् पिढ्या ठराविक साच्याचे निबंध लिहिण्यात झिजल्या, आणि बहुजन समाज निरक्षरच राहिला. आजही तेथील ‘गाओकाओ’ ह्या प्रवेशपरीक्षेस २०२४ साली १ कोटी ३४ लाख विद्यार्थी बसले. तिच्या पायी शिकवण्यांचा धंदा इतका माजला की, २०२१ साली सरकारने मुख्य विषयांच्या नफेबाज शिकवण्यांवर बंदी घातली. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांस शिकवणीवर्गांत घेऊ नये अशी सूचना काढली, ती ह्याच जातीच्या दुखण्यावर होती. दोन्हीकडे रोग एकच आहे: गाळणीलाच विहीर समजण्याचा.

जर्मनीची गोष्ट निराळी. विल्हेल्म फॉन हुंबोल्ट हा १८०९–१० साली प्रशियाच्या शिक्षणखात्याचा प्रमुख होता. मनुष्यास आधी मनुष्य म्हणून घडवावे, धंद्याचे शिक्षण मागाहून द्यावे, हे त्याचे तत्त्व होते. बर्लिनचे विद्यापीठ १८१० साली त्याच्याच प्रयत्नाने उभे राहिले. परंतु तत्त्व सर्वांसाठी असून व्यवहार थोड्यांसाठी झाला. बहुतेक जर्मन प्रांतांत मूल दहा वर्षांचे झाले की, हे विद्यापीठाकडे जाणारे, हे कारकुनीकडे, हे कारखान्याकडे, अशी वाटणी होत आली. २००१ च्या अखेरीस ‘पिसा’ ह्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल लागले, तेव्हा मुलाची प्रगती बापाच्या परिस्थितीस जितकी जखडलेली जर्मनीत आहे तितकी फार थोड्या देशांत आहे, असे दिसून आले व सर्व देशास धक्का बसला. दहाव्या वर्षी केलेली बुद्धीची निवड बव्हंशी घराण्याचीच निवड ठरली होती. आमच्या व्यापारी वाचकांनी मात्र त्या देशाची एक गोष्ट जरूर उचलावी. तेथे उमेदवारीस मान आहे. तरुणाने आठवड्यातील काही दिवस दुकानात किंवा कारखान्यात काम करावे, काही दिवस धंदेशाळेत शिकावे, आणि त्याची परीक्षा व्यापारी मंडळांनी घ्यावी, अशी सोय कायद्याने आहे. जो पुस्तकात मागे पडला तो जगात नापास झाला, असे त्यामुळे तेथे समजले जात नाही.

आता ज्या दोन राष्ट्रांनी आमच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत विचारपूर्वक दिले, त्यांच्याकडे येऊ. त्यांपैकी पहिले जपान. १८७२ साली तेथील नव्या सरकारने शिक्षणाचा कायदा केला, आणि गावात एकही घर व घरात एकही माणूस अशिक्षित राहू नये असा संकल्प जाहीर केला. खर्चाचा बोजा लोकांवर पडला, त्यामुळे आरंभी दंगे झाले व काही ठिकाणी शाळाही जाळल्या गेल्या. सरकार हटले नाही. १९०० साली सक्तीच्या शिक्षणाची फी काढून टाकण्यात आली, आणि पुढील काही वर्षांतच दहापैकी नऊ मुले शाळेच्या पटावर आली. ह्या दाखल्याने आमचे पुढारी जागे झाले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल वरिष्ठ कायदेमंडळात आणिले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यास सयाजीरावांनी १९०६ साली व कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१७ साली जे करून दाखविले, ते ब्रिटिश सरकारास परवडत नव्हते! धोंडो केशव कर्वे यांस महिला विद्यापीठाची कल्पना सुचली तीही जपानी महिला विद्यापीठाचे माहितीपत्रक वाचून, आणि १९१६ साली त्यांनी ती अमलात आणिली.

जपानी शाळेची भूमिका अशी आहे की, मुलामुलांतील फरक हा मुख्यतः मेहनतीचा फरक आहे, जन्माचा नव्हे. म्हणून सक्तीच्या नऊ वर्षांत मुलास मागे ठेवण्याचा प्रकार तेथे जवळजवळ नाहीच. हुशार व मंद मुले एकाच वर्गात, एकाच लहान तुकडीत बसतात. सर्व मिळून वर्ग झाडतात, दुपारचे जेवण वाढतात. आणि मागे पडलेला मुलगा ही त्या तुकडीची अडचण समजली जाते. गुरुजींच्या बदल्या ठराविक काळाने होतात, त्यामुळे चांगला शिक्षक शहरातील एकाच शाळेस जन्मभर चिकटून राहत नाही. पण ह्या चित्रासही दुसरी बाजू आहे. पंधराव्या वर्षी वरिष्ठ शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा घाट येतो आणि त्यासाठी शिकवणीवर्ग ओसंडून वाहतात. समूहाच्या शिस्तीचा ताण न सोसून शाळेपासून दूर राहिलेल्या मुलांची संख्या २०२३–२४ साली ३ लाख ४६ हजारांवर गेली. आणि सर्वांस एका साच्यात घालण्याची शक्ती चुकीच्या हाती गेली म्हणजे काय होते, हेही जपाननेच दाखविले आहे. १८९० च्या बादशाही फर्मानाने शाळांतून राजनिष्ठेचे जे पाठ सुरू झाले, ते पुढे लढाईच्या कामी आले. पराभवानंतर १९४७ साली शिक्षणाचा नवा मूलभूत कायदा झाला आणि १९४८ साली तेथील पार्लमेंटाने ते फर्मान रद्द ठरविले.

दुसरे राष्ट्र फिनलंड. ह्या देशाची वस्ती ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी; १९१७ पर्यंत तो रशियाच्या अमलाखाली होता. १९७० पर्यंत तेथेही अकराव्या वर्षी मुलांची वाटणी होत असे. १९६८ साली कायदा झाला, आणि १९७२ ते १९७७ ह्या काळात, उत्तरेकडील मागास लॅपलंडापासून आरंभ करून राजधानीकडे येत, सर्व मुलांसाठी नऊ वर्षांची एकच सामायिक शाळा करण्यात आली. आमच्याकडे सुधारणा राजधानीत उद्घाटन पावते व खेड्यात पोहोचेपर्यंत दमते. तेथे ती खेड्यापासून निघाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लगोलग शिक्षकांचे शिक्षण विद्यापीठांकडे देण्यात आले व १९७९ पासून प्राथमिक शिक्षकासही एम्. ए. च्या तोडीची पदवी आवश्यक झाली. १९९० नंतर शाळा-तपासनीस काढून टाकण्यात आले. शालान्त परीक्षेपूर्वी सर्व देशास लागू अशी एकही पास-नापासाची परीक्षा नाही.

पण ‘परीक्षा नाही’ एवढेच वाक्य उचलून जे फिनलंडचा जयजयकार करतात, ते अर्धेच पुस्तक वाचतात. तेथे मूल नापास होत नाही, कारण ते मागे पडू लागताच शाळा धावते. वाचनात अडखळणारे मूल पहिल्या-दुसऱ्या वर्षीच हेरले जाते. खास शिक्षक त्यास बाजूस घेऊन शिकवितो. आणि २०१० च्या सुमारास पाचांतील एका तरी मुलास अशी अर्धवेळ मदत मिळत होती. इतक्या मुलांस ती मिळते म्हणूनच ती घेण्यात कोणास कमीपणा वाटत नाही. परीक्षेच्या जागी तेथे लक्ष आहे, आणि लक्ष पुरविण्यास परीक्षेपेक्षा कितीतरी पट अधिक पैसा व मनुष्यबळ लागते. हेही राष्ट्र स्वर्ग नव्हे: ‘पिसा’ चाचणीत गणितात २००६ साली ५४८ गुण मिळविणारा फिनलंड २०२२ साली ४८४ वर उतरला, त्याच वर्षी जपानचे ५३६ होते. तेथील लोक ह्या घसरणीची कारणे आज शोधीत आहेत. पण घसरण झाली म्हणून मुलांस मागे ठेवा अशी तोड काढून ते मोकळे झालेले नाहीत.

ह्या चाचणीचा विषय निघालाच आहे म्हणून आमच्या देशाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्या २००९ च्या फेरीत आमच्याकडून तामिळनाडू व हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये बसली, आणि दोन्ही यादीच्या तळाशी राहिली. त्यानंतर २०१२, २०१५, २०१८ व २०२२ ह्या एकाही फेरीस आपला देश बसला नाही. प्रश्नच आमच्या मुलांच्या परिस्थितीस धरून नव्हते, असे कारण त्या वेळी पुढे करण्यात आले. कदाचित नसतीलही! पण दहा वर्षांच्या मजुराच्या मुलाने हेच कारण पुढे केले, तर ते ऐकून घेण्याची तजवीज आमच्या नव्या नियमांत कोठे आहे? सरकारास आपला निकाल मान्य नसला तर सरकार परीक्षेसच बसत नाही. मुलास मात्र त्याच बाकावर पुन्हा बसविण्यात येते.

ह्या सर्व प्रवासाचे सार आम्ही असे काढतो. जेथे परीक्षेनेच शिक्षण सुधारेल असे मानले, तेथे परीक्षा सुधारली, शिक्षण तसेच राहिले. जेथे मुलांची लवकर वाटणी केली, तेथे वाटणी बुद्धीची न होता घराण्यांची झाली. आणि जेथे मागे पडलेल्या मुलाचा भार शाळेने आपल्या डोक्यावर घेतला, तेथे बाकीचे दोष राहूनही निदान सर्व मुले लिहावयास वाचावयास शिकली. जपान व फिनलंड ह्यांचे धर्म, हवापाणी, इतिहास ह्यांत काहीच सारखेपणा नाही. सारखी आहे ती एवढी एकच गोष्ट.

ह्या दृष्टीने आमच्या २००९ च्या कायद्याकडे पाहिले तर, तो करणारांस हे तत्त्व कळले नव्हते असे म्हणता येत नाही. १६ व्या कलमाने मागे ठेवण्याची मनाई केली. पण २४ व्या कलमाने प्रत्येक मुलाची कुवत पाहून त्यास लागेल ते जादा शिक्षण देण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकले. २५ व्या कलमाने किती मुलांमागे किती शिक्षक पाहिजेत ते ठरविले. २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढी कामे सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांस शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली. २९ व्या कलमाने वर्षभर सतत मूल्यमापन सांगितले. ही पाच कलमे मिळून एक यंत्र होते. त्यांपैकी जे फुकट होते, म्हणजे नापास न करणे, तेवढे सर्वत्र ताबडतोब अमलात आले. ज्यास पैसा, माणसे व मेहनत लागत होती ते कागदावर राहिले. आणि आता यंत्र चालले नाही म्हणून त्यातील पहिलेच चाक काढण्यात येत आहे. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचा हा प्रकार आहे.

ज्यास दुकानाचा अनुभव आहे त्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. माल खपला नाही तर शहाणा दुकानदार माल, भाव, नोकर व जागा ह्यांचा विचार करतो; गिऱ्हाइकास दंड करीत नाही. आणि ज्यास कोर्टाचा अनुभव आहे तो जाणतो की, आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून व पुरावा पाहिल्यावाचून शिक्षा देता येत नाही. आमच्या भाषेत ‘शिक्षा’ ह्या शब्दाचे विद्या आणि दंड असे दोन्ही अर्थ आहेत. परंतु ज्यास पहिली मिळालीच नाही त्यास दुसरी देणे, हा कोणत्या न्यायशास्त्राचा नियम आहे, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही.

परदेशांचे राहो, हे काम आपल्याकडे होण्यासारखे आहे काय, असे कोणी विचारील. झालेले आहे. २००१ ते २००३ ह्या काळात ‘प्रथम’ ह्या संस्थेने मुंबई व बडोदे येथील नगरपालिकांच्या शाळांत असा उपक्रम केला की, वस्तीतीलच एखादी शिकलेली मुलगी ‘बालसखी’ म्हणून नेमावी, आणि तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांस तिने रोज दोन तास, ती जेथे अडली आहेत तेथपासून शिकवावे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या उपक्रमाची शास्त्रोक्त पडताळणी केली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसून आली, आणि ती सर्वांत मागे असलेल्या मुलांत सर्वांत अधिक होती. बॅनर्जी व डुफ्लो ह्या दोघांस पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इयत्ता न पाहता पायरी पाहून शिकविण्याची ही रीत म्हणजे पंतोजींच्या ओवरीतील गुण, तिचा उंबरठा मोडून परत आणिलेला होय. त्यास राजवाडे लागत नाहीत. एक शहाणी मुलगी, एक सतरंजी आणि रोजचे दोन तास लागतात.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. पाचवी व आठवीच्या परीक्षा सरकारास घ्यावयाच्या असतील तर घ्याव्यात. मुलास काय येते हे कळण्यास परीक्षा उपयोगी आहे व तिचा आम्हांस तिटकारा नाही. परंतु एकाही मुलास मागे ठेवण्यापूर्वी मुख्याध्यापकाने चार गोष्टी लेखी सांगितल्या पाहिजेत. मूल मागे पडत आहे हे प्रथम केव्हा लक्षात आले? त्यानंतर त्यास किती दिवस व किती तास जादा शिकविले? ते कोणी शिकविले? आणि त्या वर्षात त्या वर्गाचे शिक्षक इतर कामांसाठी किती दिवस शाळेबाहेर होते? ह्या चार रकान्यांचा कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा, आणि ज्या मुलाच्या नावापुढे दुसरा रकाना कोरा असेल त्यास मागे ठेवण्याचा अधिकार शाळेस नसावा. दोन महिन्यांच्या जादा शिकवणीची अट कायद्यातच आहे. आम्ही नवे काही मागत नाही, फक्त जे लिहिले आहे त्याचा हिशेब मागत आहो.

हा हिशेब मागण्याचे काम मुंबईच्या मंत्रालयावर टाकून आमच्या वाचकांस स्वस्थ बसता येणार नाही. व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन जागा पालकांच्या आहेत. त्या बहुधा सही करण्यापुरत्या भरल्या जातात. ज्यांची स्वतःची मुले खाजगी शाळांत जातात, त्यांनीही आपल्या पेठेतील नगरपालिकेच्या शाळेत एकदा जाऊन यावे, आणि शेवटच्या बाकावर कोण बसते ते पाहावे. त्याच मुलांतून उद्या त्यांच्या दुकानात काट्यावर उभे राहणारे, त्यांच्या मालाच्या पावत्या लिहिणारे आणि त्यांच्याबरोबरीने मत देणारे लोक यावयाचे आहेत. व्यापारी मंडळांनी मनात आणिले तर प्रत्येक पेठेस एक बालसखी पोसणे अवघड नाही. गणेशोत्सवाच्या एका दिवसाच्या रोषणाईत तिचे वर्ष निघेल.

परीक्षेचा निकाल दरसाल उन्हाळ्यात लागतो व आपण तो मुलांचा निकाल म्हणून वाचतो. पाचवीतील मुलास दुसरीचे पुस्तक वाचता आले नाही, तर त्या मुलाने पाच वर्षांत काय केले हा प्रश्न दुसरा आहे. त्या पाच वर्षांत आपण काय केले, हा पहिला आहे. आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार सरकारास नाही, शाळेस नाही, आणि आम्हांसही नाही.